जेनेरिक स्वस्त झालं, मग आमचं बिल का उतरत नाही?

प्रश्न असा आला आहे: "मी कोल्हापुरात नोकरीला आहे, आईवडील भुदरगड तालुक्यात गावी असतात. वडिलांना शुगर आणि बीपी, आईला थायरॉइड आणि बीपी. दोघांच्या औषधांना महिन्याला साडेतीन हजार लागतात. सरकार जेनेरिकसाठी इतकं करतं असं ऐकतो, मग आमचं बिल का उतरत नाही? आणि सरकारनं नेमकं काय करायला हवं?" सोबत दोघांच्या चिठ्ठ्यांवरची औषधंही लिहून पाठवली आहेत.

मी फार्मासिस्ट आहे. पंचवीस वर्षं औषधांच्या धंद्यात काढली. सुरुवातीला होलसेलला, मग एका खासगी हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये, आणि गेली काही वर्षं जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान, चालवते. तिन्ही बाजूंनी हा व्यवहार पाहिल्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी तुमच्या बिलाचं बघू. वडिलांच्या चिठ्ठीत शुगरसाठी सिटाग्लिप्टिन-मेटफॉर्मिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन आहे. यातल्या पहिल्या दोन गोळ्याच बिलाचा मोठा भाग खातात, कारण त्या मूळ कंपनीच्या ब्रँडनं लिहिल्या आहेत. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपलं, म्हणजे तेच औषध इतर कंपन्यांनाही बनवता येऊ लागलं; अशा औषधालाच जेनेरिक म्हणतात. त्याच वर्षी जनऔषधीत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या, तेव्हा बाजारातल्या ब्रँडचा दर १६२ ते २५८ रुपये होता. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं. एक गोळी साठ रुपयांच्या आसपास पडायची, ती नव्या भारतीय कंपन्यांनी दहा रुपयांच्या आसपास आणि काहींनी त्याहून खाली आणली. औषध स्वस्त झालं, पण तुमच्या वडिलांची चिठ्ठी त्याआधीची आहे. दर तीन महिन्यांनी डॉक्टर शुगरचा रिपोर्ट बघतात आणि "चालू ठेवा" म्हणतात. त्यात त्यांची काही चूक नाही, शुगर आटोक्यात आहे. पण चालू राहिला तो जुना ब्रँड आणि जुना दर. एवढ्या दोन गोळ्यांवर डॉक्टरांशी बोललात तरी तुमचं बिल निम्म्याच्या आसपास येईल असा माझा अंदाज आहे.

आता मोठा प्रश्न. हे तुम्हाला मी का सांगायला लागतंय? ही सोय व्यवस्थेतच का नाही?

आपल्या देशात औषध स्वस्तात बनवणं ही अडचण कधीच नव्हती. १९७० च्या पेटंट कायद्यापासून आपण तेच शिकलो आणि आज जगभर जेनेरिक पुरवतो. अडचण आहे कारखान्यापासून पेशंटच्या हातापर्यंतच्या वाटेत. सरकारचं बहुतेक धोरण किमतीवर काम करतं. पण गोळी कुणी निवडायची, तिच्यावर कुणाचा किती फायदा, आणि त्या दिवशी ती फळीवर आहे का, या तीन गोष्टींना ते पुरतं हात घालत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकी त्याचा तपशील.

किंमत नियंत्रण कसं चालतं ते थोडक्यात सांगते. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांना कमाल दर ठरतो. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. दर ठरवताना बाजारात किमान एक टक्का हिस्सा असलेल्या सगळ्या ब्रँडच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतीची सरासरी काढतात आणि त्यावर १६ टक्के दुकानदाराचं मार्जिन धरतात. म्हणजे औषध बनवायला खर्च किती आला हे कुणी विचारतच नाही. बाजारात आधीच महाग विकणारे जास्त असले, तर सरासरीही महागच निघते. १९९५ च्या आदेशात उत्पादन खर्चाचा हिशेब होता, तो २०१३ मध्ये गेला. यादीबाहेरच्या बहुतेक औषधांना तर कमाल दरच नाही, फक्त वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही एवढंच बंधन. तुमच्या वडिलांची टेल्मिसार्टन यादीत आहे, रोसुव्हास्टॅटिन नाही. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो थोडा दिलासा. थोडाच.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे त्या गोष्टीकडे येते.

लोकांना वाटतं जेनेरिक म्हणजे स्वस्त. होलसेलला असताना माझ्या हातून रोज दोन प्रकारचा माल जायचा. एका प्रकारात कंपनीचे एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, डॉक्टरांकडे जातात, ब्रँड चालवतात, आणि दुकानदाराला ठरलेलं मार्जिन मिळतं. दुसऱ्या प्रकारात एमआर नाही, डॉक्टर नाही, कंपनी थेट स्टॉकिस्टला आणि दुकानदाराला माल देते. याला आम्ही धंद्यात नुसतं 'जेनेरिक' म्हणतो. त्या स्ट्रिपवर छापील किंमत शंभराच्या वर, आणि दुकानदाराला ती पडायची पंधरा-सोळा रुपयांना. तो पेशंटला "वीस टक्के कमी करतो" म्हणायचा, पेशंट खूश होऊन जायचा, आणि ऐंशीला विकलेल्या स्ट्रिपमागे साठाच्या वर रुपये गल्ल्यात पडायचे. हे बेकायदेशीर नव्हतं, आजही नाही. यादीबाहेरच्या बहुतेक औषधांवर किती एमआरपी छापायची हे कंपनीच ठरवते, आणि छापील किमतीच्या आत विकलं की झालं.

एकदा दोन स्ट्रिपा शेजारी शेजारी ठेवून बघितल्या होत्या. एकीवर नावाजलेल्या कंपनीचं नाव, दुसरीवर कुणी न ऐकलेलं. उलटून बारीक अक्षरं वाचली तर दोन्ही हिमाचलमधल्या एकाच कारखान्यात बनलेल्या. पत्ता एक, उत्पादन परवान्याचा क्रमांक एक. आत तीच गोळी असेलच असं मी एवढ्यावरून म्हणणार नाही, दोघांच्या ऑर्डरी वेगळ्या असू शकतात. पण "कंपनी चांगली आहे" म्हणून दुप्पट पैसे मोजणाऱ्या माणसाला हे कुणीतरी दाखवायला हवं. तुम्हीही घरातली एखादी स्ट्रिप उलटून बघा, विकणारी कंपनी आणि बनवणारी कंपनी बऱ्याचदा वेगळी असते.

म्हणून "डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहावं" हा नियम एकटा आणला तर पेशंटचा फायदा होईलच असं मला वाटत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं तसा सक्तीचा नियम काढला आणि तीन आठवड्यांच्या आत, २३ ऑगस्टला, स्थगित केला. डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप दर्जाबद्दल होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. पण मला त्याहून मोठी भीती वेगळी वाटते. डॉक्टरांनी नुसतं 'रोसुव्हास्टॅटिन १०' लिहिलं की कुठल्या कंपनीची द्यायची हे ठरवणार काउंटरवरचा माणूस. तो काढणार जिच्यात त्याला जास्त सुटतं ती. आधी निवड एमआरच्या हातात होती, ती मार्जिनच्या हातात गेली. पेशंट होता तिथंच.

यावरचा उपाय सरकारनं एकदा करून दाखवलाय. फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांवर व्यापाराचं एकूण मार्जिन ३० टक्क्यांवर बांधलं. कंपनीनं ज्या भावात माल बाहेर काढला, त्यावर तीस टक्क्यांपेक्षा जास्त चढवायचं नाही. ५२६ ब्रँडच्या छापील किमती उतरल्या, काहींच्या तर ९० टक्क्यांपर्यंत. तीच रीत यादीबाहेरच्या सगळ्या औषधांना, निदान शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, दमा आणि फिटच्या औषधांना लावा. दुकानदार म्हणून माझंही नुकसान होईल, ठाऊक आहे. तरीही मी हेच मागेन. मार्जिन बांधलं की मगच जेनेरिक नावानं चिठ्ठी लिहिण्याचा नियम पेशंटच्या कामाचा.

जेनेरिक नावाची गरज मात्र नक्की आहे, आणि ती नुसत्या पैशांसाठी नाही. राधानगरीकडचे एक आबा माझ्याकडे यायचे. गोकुळचं दुधाचं बिल दहा दिवसांनी होतं, त्या हिशेबानं दर दहा दिवसांनी दहा गोळ्या न्यायचे. एकदा आले ते भिंतीला धरत आले. "पोरी, उठलं की गरगरतंय." पिशवी ओतली काउंटरवर. गावातल्या डॉक्टरांची एक स्ट्रिप, आणि कोल्हापुरात डोळ्याच्या ऑपरेशनाच्या वेळी बीपी वाढलं म्हणून तिथल्या डॉक्टरांनी दिलेली दुसरी. नावं वेगळी, रंग वेगळे, पाकिटं वेगळी. आत दोन्हींत टेल्मिसार्टन ४०. महिनाभर आबा इमानानं दोन्ही घेत होते. बीपी मोजलं तर वरचा आकडा ९६. त्यात एक स्ट्रिप आधीच्या कुणीतरी कात्रीनं अशी कापलेली की औषधाचं नाव अर्धंच उरलेलं, 'टेल्मि' एवढंच. मराठीत तर सोडाच, इंग्रजीतही पूर्ण वाचता येणार नाही. २०१८ पासून नियम आहे की स्ट्रिपवर मूळ औषधाचं नाव ब्रँडच्या नावापेक्षा दोन पॉइंटनं मोठं असावं. चांगला नियम आहे. पण ते नाव प्रत्येक दोन गोळ्यांमागे परत छापलेलं असावं आणि देवनागरीतही असावं, एवढं सरकारनं सांगितलं तर कंपनीला शाईपलीकडे खर्च नाही.

ब्रँडची नावंच टप्प्याटप्प्यानं काढून टाका, असं औषध उद्योगाचा अभ्यास करायला केंद्र सरकारनं नेमलेल्या हाथी समितीनं १९७५ मध्ये सांगितलं होतं. पन्नास वर्षं झाली.

दुसरी अडचण माझ्या काउंटरवर रोज येते. कुणी ब्रँडची चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात येतो. तेच औषध, तीच ताकद माझ्याकडे पाचव्या हिश्श्याच्या किमतीत पडलेली असते. पण औषध नियमावलीचा नियम ६५, पोटनियम ११-अ म्हणतो की शेड्यूल एच आणि एक्स, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या याद्या, यांतल्या औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलंय त्याऐवजी दुसरं काही द्यायचं नाही, आत तेच द्रव्य असलं तरीही. शुगर-बीपीच्या बहुतेक गोळ्या यात येतात. म्हणजे एक सरकारी योजना मला सांगते स्वस्त गोळी द्या, आणि दुसरा सरकारी नियम सांगतो देऊ नका. मग मी पेशंटला डॉक्टरांकडे परत पाठवते, "कंटेंटचं नाव लिहून आणा" म्हणते, म्हणजे ब्रँडऐवजी आतल्या मूळ औषधाचं नाव. गारगोटीहून एसटीनं आलेला माणूस परत जात नाही. शेजारच्या मेडिकलमध्ये जातो आणि महाग गोळी घेऊन घर गाठतो. याला कायद्यात दुरुस्ती पाहिजे. नोंदणीकृत फार्मासिस्टला समान औषध बदलून देता यावं, बदलल्याची नोंद चिठ्ठीवर आणि बिलावर व्हावी, आणि डॉक्टरांनी "बदलू नये" असं लिहिलं असेल तर बदलू नये. काही औषधांची बंद यादी असावी, ज्यात बदल करायचाच नाही. फिटचं फेनिटॉइन, रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन, थायरॉइडचं थायरॉक्सिन. यांच्यात रक्तातली मात्रा थोडी इकडेतिकडे झाली तरी फरक पडतो.

दर्जाचा मुद्दा टाळून पुढं जाता येत नाही. डॉक्टर मला तोंडावर विचारतात, "तुमच्या गोळीनं शुगर उतरली नाही तर?" प्रामाणिक उत्तर असं की जनऔषधीचा माल डब्ल्यूएचओ-जीएमपी (जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन निकषांचं) प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांतून येतो आणि प्रत्येक बॅच एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत तपासून मगच बाहेर पडते. बाजारातल्या सगळ्या जेनेरिकबद्दल मी तसं छातीठोक सांगू शकत नाही. पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांसाठी जैव-समतुल्यतेची चाचणी, म्हणजे गोळी रक्तात मूळ औषधाइतकीच उतरते का हे बघणं, २०१७ मध्ये सक्तीची झाली. त्याआधीचे परवाने तसेच चालू राहिले. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जात न बसलेल्या औषधांची यादी काढते आणि तिच्यात मोठ्या ब्रँडचीही नावं असतात, म्हणजे महाग घेतलं की खात्री झाली असंही नाही. कारखान्यांसाठीचे सुधारित शेड्यूल एमचे नियम आता लहान उद्योगांनाही लागू झालेत. ते कडक लावावेत आणि लहान कारखान्यांना त्यासाठी कर्ज द्यावं, कारण ते बंद पडले तर स्वस्त औषधच कमी होईल. अन्न व औषध प्रशासनानं दुकानांतून उचललेल्या नमुन्यांचे निकाल जिल्हावार, मराठीत, पास झालेले आणि नापास झालेले दोन्ही, जाहीर करावेत. आज फक्त नापास झालेल्यांची बातमी होते. चांगल्या निघालेल्या शेकडो नमुन्यांची होत नाही, आणि डॉक्टरांच्या मनात तेवढंच राहतं.

आता फळीचं. पहिलं जनऔषधी दुकान २००८ च्या नोव्हेंबरात अमृतसरला उघडलं. २०१४ पर्यंत देशभरात ऐंशीच्या आसपास होती, २०२५ च्या सुरुवातीला १५ हजारांवर गेली, आणि मार्च २०२७ पर्यंत २५ हजारांचं उद्दिष्ट आहे. हे काम मोठं आहे आणि मी त्याचा भाग आहे याचा मला अभिमान आहे. पण दुकान मोजणं सोपं, गोळी मोजणं अवघड. शुगरचा पेशंट पहिल्यांदा येतो, चारपैकी तीन औषधं मिळतात, तो खूश. पुढच्या महिन्यात दोनच मिळतात. तिसऱ्या महिन्यात तो येत नाही. आम्ही ऑर्डर टाकतो, माल अर्धा येतो, उरलेला कधी ते कळत नाही. आता केंद्रचालकाची प्रोत्साहन रक्कम ठरावीक २०० औषधांचा साठा ठेवण्याशी जोडली आहे, ही योग्य दिशा. पण साठा ठेवायची जबाबदारी माझी असेल, तर पुरवठ्याची जबाबदारीही कुणाची तरी लिहून ठेवा, आणि उशीर झाला तर त्याला दंड लावा. मला छापील किमतीवर वीस टक्के मिळतात. बारा रुपयांच्या स्ट्रिपवर दोन-अडीच रुपये. त्यात फार्मासिस्टचा पगार, भाडं, वीज बसवायची, म्हणून लहान गावातली केंद्रं दमतात. गगनबावडा, चंदगड, आजरा अशा तालुक्यांत विक्रीवर टक्केवारीऐवजी प्रत्येक चिठ्ठीमागे ठराविक सेवाशुल्क द्यावं, असं मी सुचवेन. स्वस्त गोळी विकणाऱ्याला स्वस्तपणाची शिक्षा कशाला?

त्याहून महत्त्वाची बाजू सरकारी दवाखान्यांतल्या मोफत औषधाची. महात्मा फुले योजना काय किंवा आयुष्मान काय, भर आहे तो दवाखान्यात दाखल होण्यावर. ऑपरेशनचे लाख रुपये वाचतात, रोजच्या बीपीच्या गोळीचे नाहीत. तीच गोळी न घेतल्यानं पुढं तो माणूस लकवा होऊन दाखल होतो. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोक थेट खिशातून करतात, आणि त्यात औषधांचा वाटा मोठा. तामिळनाडूनं १९९५ पासून वेगळी वाट धरली. राज्याचं एकच महामंडळ जेनेरिक नावानं घाऊक खरेदी करतं, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं आहेत, आलेल्या मालाचे नमुने तपासल्याशिवाय तो वाटत नाहीत, आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक आहे. आपल्या वाट्याच्या रकमेतून डॉक्टर हवं ते औषध उचलतात, वरून पाठवलं तेच घ्या असं नाही. राजस्थाननं २०११ मध्ये तीच पद्धत उचलली. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१७ पासून खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती, २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, चांगलं झालं. पण केसपेपर मोफत आणि गोळी बाहेरून, असं झालं तर त्याचा उपयोग काय? प्राधिकरणानं पासबुकाची पद्धत घ्यावी आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारावर फळा लावावा: आज कुठली औषधं शिल्लक, कुठली नाहीत. ई-औषधी प्रणालीत साठ्याची नोंद होतेच, ती फक्त लोकांना दिसू द्यायची आहे.

तुम्ही आत्ता काय करायचं ते सांगून थांबते. वडिलांची टेल्मिसार्टन गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते का ते आधी बघा, तिथं शुगर-बीपीच्या रुग्णांची नोंद होते आणि औषध फुकट असतं. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना सगळ्या स्ट्रिपा न कापता घेऊन जा आणि साधं विचारा: "साहेब, ह्यातल्या कुठल्या जेनेरिक घेतल्या तर चालतील? तेवढ्या कंटेंटच्या नावानं लिहून द्या." असं विचारलं की बहुतेक डॉक्टर लिहून देतात, मी रोज बघते. 'जनऔषधी सुगम' ॲपवर औषधाचं नाव घातलं की दर आणि जवळचं केंद्र दिसतं. तरी निघण्याआधी केंद्राला फोन करा, माल आहे का विचारा, आणि असला तर दोन महिन्यांचा एकदम घ्या. गोळी बदलल्यावर पंधरा दिवस वडिलांची शुगर आणि बीपी वहीत लिहून ठेवा, म्हणजे डॉक्टरांनाही खात्री पटेल.

आईची थायरॉइडची गोळी मात्र आहे तीच ठेवा. तिची किंमत तशीही फार नाही. मिळेनाशी झाली म्हणून कधी कंपनी बदलावीच लागली, तर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्या.